वारा खाणारा गडी

अमरावतीहून अकोल्याकडे सायकलने निघालं आणि बडनेरा मागे पडलं की रस्ता जवळपास सरळच होतो. लोणी, कुरूम, माना, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू. २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरची एक लेन डांबरी काँक्रीटने १०५ तास ३३ मिनिटांत टाकून झाली आणि गिनीज बुकात तिची नोंद झाली. त्या विक्रमाच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. पण या रस्त्याची खरी ओळख मोटारीच्या काचेआडून होत नाही. ती जून-जुलैत सायकलवर होते, कारण तेव्हा वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि रस्ताही थोडासा दक्षिणेला कलत पश्चिमेलाच जातो. दोन्ही बाजूंना नुकतं पेरलेलं रान असतं. कपाशी वितभरही वर आलेली नसते, मग आडोसा कशाचा मिळणार? वारा थेट छातीवर येतो.

अशाच एका दिवशी मूर्तिजापूरच्या अलीकडे शाळेतून परतणाऱ्या पाच-सहा मुली पाहिल्या होत्या. एकीच्या मागे एक अशा ओळीने चालल्या होत्या. एरवी शाळा सुटल्यावर पोरी रस्ताभर पसरून, गप्पा मारत जातात. वाऱ्याने त्यांना ओळीत आणलं होतं. पुढची मुलगी मान खाली घालून पायडल मारत होती, मागच्या तिच्या पाठीआड होत्या. थोड्या वेळाने तिने हात झटकला आणि मागे वळून ओरडली, ‘‘आता तू हो वं सामोर, माह्यानं नाई होत!’’ दुसरी पुढे आली, पहिली ओळीच्या शेवटी गेली. हे त्यांना कोणी शिकवलं असेल असं वाटत नाही. युरोपातल्या व्यावसायिक सायकलपटूंना हे करण्याचे पैसे मिळतात, आणि त्या कामामागे सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. मला मागोवा घ्यायचा आहे तो त्या कामाचा आणि ते करणाऱ्या माणसाचा.

आधी वाऱ्याचा हिशेब समजून घेऊ. सपाट रस्त्यावर, हवा स्थिर असताना, सायकलचा वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि पायांना लागणारी ताकद जवळपास आठपट होते. ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे गेलेल्या स्वाराची बहुतेक मेहनत हवा बाजूला सारण्यातच जाते. त्याच्या पाठीला चिकटून येणाऱ्याला मात्र हवा आधीच फाटलेली मिळते आणि त्याचे श्रम तिसऱ्या हिश्श्याने वाचू शकतात. मोठ्या घोळक्याच्या पोटात तर आणखी आराम. बर्ट ब्लोकेन या संशोधकाने २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला. मधल्या-मागच्या भागातल्या स्वाराला होणारा हवेचा विरोध एकट्या स्वाराच्या जेमतेम पाच ते दहा टक्के भरला. म्हणजे घोळका ताशी पंचेचाळीसने धावत असला तरी आतल्याला अंगावर वारा जाणवतो तो बाजारातून सायकल चालवल्याइतका. सायकल शर्यतीतले सगळे डाव या एका आकड्यातून निघतात.

सुरुवातीच्या शर्यतींना हा हिशेब कागदावर ठाऊक नव्हता, तरी वाऱ्याची धास्ती होतीच. ७ नोव्हेंबर १८६९ ला पॅरिस ते रूआँ ही १२३ किलोमीटरची शर्यत झाली. गावापासून गावापर्यंतच्या पहिल्या शर्यतींत तिची गणना होते. तिच्या नियमांत लिहिलं होतं की सायकल कुत्र्याकडून ओढून घेऊ नये आणि तिला शीडही लावू नये. ज्या अर्थी असा नियम करावा लागला, त्या अर्थी कोणाच्या तरी मनात ते आलं असणार. जेम्स मूर हा इंग्रज तरुण साडेदहा तासांच्या वर पायडल मारून जिंकला. पुढे वीस-बावीस वर्षांत वाऱ्यावर रीतसर तोड निघाली. स्वाराच्या पुढे ताज्या दमाचे सायकलवाले धावायचे, कधी दोघांची सायकल, कधी तिघांची. १८९१ ची बोर्दो-पॅरिस शर्यत जी. पी. मिल्सने जिंकली ती अशा वाटाड्यांच्या पाठीमागे राहूनच. १८९६ ला सुरू झालेल्या पॅरिस-रूबे शर्यतीतही पहिली काही वर्षं हीच रीत होती.

याची हद्द झाली अमेरिकेत. ३० जून १८९९ ला चार्ल्स मर्फीने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर चक्क आगगाडीच्या मागे सायकल चालवली. रुळांच्या मधोमध फळ्या टाकल्या होत्या आणि शेवटच्या डब्याला मागे वाऱ्यापासून आडोसा करणारं छत जोडलं होतं. एक मैल त्याने ५७.८ सेकंदांत कापला. आपल्या मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जायची ती शकुंतला गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना आगगाडी आणि सायकल यांची बरोबरी नवी वाटणार नाही, पण मर्फीची गाडी ताशी शंभर किलोमीटरच्या घरात होती. आपण वाऱ्याशी झगडतो, रस्त्याशी नाही, हे त्याने मैलभरात दाखवून दिलं.

१९०३ मध्ये तूर द फ्रान्स सुरू करताना आंरी देग्रांजने शेवटचा टप्पा सोडून वाटाडे बंद केले. त्याला शर्यत हवी होती ती माणूस विरुद्ध माणूस अशी, कोणी कोणाला मदत न करता. संस्थापकाची ही हौस वाऱ्याने चालू दिली नाही. वाटाडे गेल्यावर स्पर्धकच एकमेकांचे वाटाडे झाले.

१९११ च्या तूरमध्ये मोरिस ब्रोको नावाचा स्वार क्रमवारीत मागे पडला होता. स्वतःला काही मिळण्याची आशा उरली नाही तेव्हा त्याने आपले पाय दुसऱ्यांना भाड्याने देऊ केले. फ्रांस्वा फाबेर वेळेच्या मर्यादेबाहेर जाऊन बाद होण्याच्या बेतात होता, ब्रोको त्याच्यासाठी थांबला आणि त्याला वाऱ्यातून ओढत मुक्कामाला घेऊन आला. देग्रांजला या सौद्याचा पुरावा मिळाला नाही. मग त्याने आपल्या वर्तमानपत्रात ब्रोकोला शिवी हासडली : दोमेस्तीक. म्हणजे घरगडी. दुसऱ्या दिवशी ब्रोको इतका पेटून धावला की टप्पा अर्ध्या तासाहून जास्त फरकाने जिंकला. देग्रांजने त्यालाच पुरावा मानलं, म्हणजे एवढी ताकद असून हा काल दुसऱ्यासाठी रेंगाळत होता, आणि त्याला बाद केलं.

ती शिवी आज सायकलच्या जगातला अधिकृत हुद्दा आहे. नेत्यासाठी वारा अडवणारा, पाण्याच्या बाटल्या आणणारा, वेळ पडली तर आपलं चाक काढून देणारा तो दोमेस्तीक. इटालियन लोक त्यालाच ग्रेगारिओ म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी कळप आहे. आपल्या मराठीने मात्र या माणसासाठी केव्हाचा एक शब्द करून ठेवला आहे आणि तो या दोन्हींपेक्षा मोठा आहे. गडी म्हणजे घरचा चाकर. सालगडी, ज्याला आपल्या वऱ्हाडात सालदार म्हणतात आणि ज्याचा करार गुढीपाडव्याला होतो, तोही गडीच. आणि कबड्डीच्या मैदानात उतरतो तोही गडीच, ‘आमचे पाच गडी उरले’ असं म्हणतो आपण. चाकर आणि खेळाडू एकाच शब्दात. फ्रेंच भाषेला शिवीपासून हुद्द्यापर्यंत यायला जे अंतर कापावं लागलं, ते या शब्दाच्या पोटातच आहे.

अमरावतीत हे विशेष कळावं. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी उभं केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यांत कबड्डी होती. गड्यांची साखळी म्हणजे काय हे ज्याने मैदानावर पाहिलं आहे त्याला सायकलचा घोळका समजायला वेळ लागत नाही. चढाईवाला पाय टाकतो तेव्हा एकाने हिंमत करून पुढे व्हायचं आणि साखळीतल्या बाकीच्यांनी त्याच्यामागे यायचं. सगळेच वाट पाहत राहिले तर चढाईवाला गुण घेऊन परत जातो. आजच्या कबड्डीत तर दुबळ्या बाजूसाठी वेगळी सोय आहे : तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना पकड केली तर एक गुण जास्तीचा. सायकलच्या शर्यतीत असा जास्तीचा गुण कोणी देत नाही. तिथे दुबळ्याला आपली जागा स्वतः शोधावी लागते आणि ती कुठे सापडते हे मी पुढे सांगणार आहे.

तूरमध्ये १९३० पासून राष्ट्रीय संघ आले आणि गड्याचं काम उघडपणे मान्य झालं. १९३४ मध्ये वीस वर्षांच्या रने व्हिएतोने पिरेनीजच्या उतारावर आपलं चाक काढून नेता आंतोनाँ मान्यला दिलं आणि मदतीची गाडी येईपर्यंत रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून रडला. त्याचं ते छायाचित्र फ्रान्सभर गेलं. पुढच्याच टप्प्यात तो पुन्हा घाटात उलटा फिरला आणि या वेळी त्याने अख्खी सायकल दिली. मान्य जिंकला, व्हिएतो पाचवा आला. १९५२ मध्ये फाउस्तो कोप्पीचा गडी आंद्रेआ कारेआ ओघाओघात पुढच्या टोळीबरोबर गेला आणि संध्याकाळी एकूण आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी त्याच्याच अंगावर आली. तो आनंदी होण्याऐवजी कावराबावरा झाला आणि रडत रडत कोप्पीची माफी मागायला गेला. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझ चढून कोप्पीने ती जर्सी घेतली. मला कारेआचं हे रडणं व्हिएतोच्या रडण्यापेक्षा जास्त लागतं. व्हिएतोला आपण काय गमावलं ते कळत होतं. कारेआला जे मिळालं ते आपलं असू शकतं हेच पटत नव्हतं.

पण हे तीन आठवड्यांच्या शर्यतीतलं झालं. तिथे नेता ठरलेला असतो, हिशेब रोज होतो आणि चूक झाली तर दुसरा दिवस असतो. एका दिवसाच्या शर्यतीत दुसरा दिवस नाही. म्हणून गड्याला जिंकायची संधी मिळते ती तिथे.

पॅरिस-रूबे हीच बघा. सुमारे २५७ किलोमीटर, त्यांत पन्नासेक किलोमीटर ओबडधोबड दगडी फरसबंदीचे. १० एप्रिल २०१६ ला तिथे मॅथ्यू हेमन जिंकला. हा ऑस्ट्रेलियन तेव्हा अडतिशीच्या उंबरठ्यावर होता आणि त्याची बहुतेक कारकीर्द दुसऱ्यांसाठी वारा खाण्यात गेली होती. रूबेच्या रस्त्यावर तो पंधराव्यांदा उतरत होता. फेब्रुवारीच्या अखेरीस बेल्जियममधल्या एका शर्यतीत पडून त्याचा हात मोडला होता, त्यामुळे पाच-सहा आठवडे त्याने घरात ट्रेनरवर लावलेली सायकल चालवून सराव केला. संघाची त्याच्याकडून अपेक्षा एवढीच की सकाळी लवकर निसटणाऱ्या टोळीत राहावं.

आणि डाव इथेच असतो. सकाळी निसटलेली टोळी घोळक्याला नेहमीच धोक्याची वाटत नाही. हे दमतील आणि आपण नंतर धरू, असा सगळ्यांचा हिशेब असतो. पण ज्या संघाचा एक गडी पुढे आहे तो संघ मागे ओढायचं काम करत नाही, तसं न करायला त्याला कारण मिळतं. त्या दिवशी पुढे सोळा जण होते. मागून टॉम बोनेनसारखे दिग्गज आले आणि टोळीला गाठलं, तेव्हा हेमन त्यांच्यात टिकून राहिला. एकदा मागे पडूनही परत चिकटला. रूबेच्या सिमेंटच्या वेलोड्रोमवर पाच जण एकत्र शिरले. बोनेन पाचव्यांदा जिंकून विक्रम करायला आला होता, त्यामुळे प्रत्येकाचा डोळा बोनेनवर होता. हेमनने आधी वेग धरला आणि तो सोडला नाही. रेषा ओलांडल्यावर त्याच्या चेहऱ्यावर आनंदाआधी अविश्वास दिसतो. कारेआचाच चेहरा, फक्त या वेळी माफी मागायला कोणी नव्हतं.

आता टोकियो. गड्याच्या इतिहासात मला सर्वांत विचार करायला लावणारा दिवस तो : २५ जुलै २०२१, महिलांची ऑलिंपिक रस्ता शर्यत, १३७ किलोमीटर, फुजी डोंगराच्या पायथ्याच्या वेगवान गाड्यांच्या ट्रॅकवर शेवट. नेदरलँड्सच्या चौघी होत्या : लंडनची सुवर्णविजेती मारियान फोस, रिओची सुवर्णविजेती आन्ना फान देर ब्रेखेन, आनेमिक फान फ्ल्यूटेन आणि डेमी फोलेरिंग. यांच्यापैकी कोणीही जिंकली असती तरी कोणाला नवल वाटलं नसतं. ऑस्ट्रियाची एकटीच होती, आन्ना कीसेनहोफर. गणितात डॉक्टरेट, लोझानच्या विद्यापीठात संशोधन आणि शिकवणं. व्यावसायिक संघात ती २०१७ मध्ये थोडा काळ होती, मग सोडून दिलं. तिला त्या दिवशी संघ नव्हता आणि प्रशिक्षकही नव्हता. सराव, खाणंपिणं, जपानच्या उकाड्याची तयारी हे सगळं तिने स्वतः आखलं होतं.

झेंडा पडताच ती सुटली. सोबत दक्षिण आफ्रिकेची कार्ला ओबरहोल्झर, नामिबियाची वेरा लोझर, पोलंडची आना प्लिख्ता आणि इस्रायलची ओमेर शपिरा. पाच देशांच्या पाच जणी, एकही मोठा संघ नाही. या पाच जणींनी आपसात जे केलं ते त्या शाळेच्या पोरींचंच : एक पुढे, दमली की मागे. कोणी कोणाची नेता नव्हती आणि प्रत्येक जण पाळीपाळीने इतर चौघींसाठी वारा खात होती. अंतर वाढत दहा मिनिटांच्या वर गेलं.

मागे घोळक्यात काय चाललं होतं? पाठलाग करायला कोणीतरी पुढे येऊन वारा खावा लागतो. इतर देश म्हणत होते, तुमच्याकडे चौघी आहेत, तुम्ही ओढा. डच म्हणणार, आम्ही ओढलं तर आमच्याच पाठीमागे बसून शेवटी तुम्ही पळाल. फान फ्ल्यूटेन एकदा एकटीच पुढे सटकली, मग घोळक्यातल्या तिच्याच सहकाऱ्यांनी तिचा पाठलाग कसा करायचा? चार नेत्या आणि गडी एकही नाही, अशी ती अवस्था झाली. ऑलिंपिकमध्ये कानातला रेडिओ चालत नाही, त्यामुळे अंतराची खबर फलकावरून आणि मोटारसायकलवरच्या माणसाकडून मिळेल तेवढीच. पुढे नेमक्या किती जणी आहेत हेच घोळक्यातल्या अनेकींच्या डोक्यात पक्कं नव्हतं.

आधी ओबरहोल्झर आणि लोझर मागे पडल्या. शेवटचे चाळीसेक किलोमीटर उरले असताना कागोसाकाच्या चढावर कीसेनहोफरने उरलेल्या दोघींनाही सोडलं. तिथून ती एकटी. वारा अडवायला पुढे कोणी नाही आणि मागे बघायला वेळ नाही. शेवटाजवळ घोळक्याने प्लिख्ता आणि शपिराला गाठलं आणि अनेकींना वाटलं, आता पुढे कोणी उरलं नाही. फान फ्ल्यूटेन शेवटच्या दोन-अडीच किलोमीटरांत सुटली, रेषा ओलांडली आणि तिने दोन्ही हात उंचावले. ती दुसरी आली होती. कीसेनहोफर ७५ सेकंद आधी पोहोचून जमिनीवर आडवी झाली होती.

याला चमत्कार म्हणणं मला मान्य नाही. त्या दिवशी पायांत सर्वांत जास्त ताकद कोणाच्या होती यावर वाद घाला, पण हिशेब एकीचाच बरोबर होता. घोळक्यात राहिली असती तर तिला जिंकण्याची शक्यता नव्हती. तिला ना गडी होता ना शेवटच्या धावेचा वेग. म्हणून जिथे गड्याची गरज कमी, म्हणजे लांब एकटीने चालवण्यात, तिथे तिने शर्यत नेली. ती ऑस्ट्रियाची वैयक्तिक टाइम ट्रायल विजेती होती, एकटीने घड्याळाशी भांडणं हेच तिचं बलस्थान. आणि बलाढ्यांना एकमेकींची इतकी भीती वाटत होती की वारा कोण खाणार हे ठरलंच नाही. दुबळ्याची जागा ती हीच.

महाराष्ट्रातही हा सगळा खेळ जुना आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट जो आधी चढतो त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, पण राजा घाटापर्यंत पोहोचतो तो खोपोलीपर्यंतच्या सपाटीवर कोणाच्या तरी पाठीआड बसून. सेनादल, रेल्वे असे संघ उतरले की एकट्या आलेल्या जिल्ह्याच्या पोराला हे लवकर कळतं. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांत सायकलिंग आहे. तिथे पोरं टाइम ट्रायल एकेकटी मारतात आणि सगळे एकदम सुटतात त्या मास स्टार्टमध्येही बहुतेक एकेकटीच धावतात, कारण संघ म्हणून रस्त्यावर सराव करायला सात-आठ बऱ्या सायकली एका गावात जमत नाहीत. एका रेसिंग सायकलच्या किमतीत शेतकऱ्याचा हंगाम जातो. ताकद नाही म्हणून आपली पोरं मागे राहतात असं म्हणणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे. त्यांना पाठ मिळत नाही.

जिथे मिळाली तिथलं उदाहरण विदर्भातलंच आहे. भंडारा जिल्ह्यातून आलेल्या मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्रियशा पॉलबरोबर भारताच्या महिला टीम स्प्रिंट संघात होत्या. या प्रकारात तिघी एका ओळीत सुटतात. पहिली एक फेरी पूर्ण ताकदीने ओढते आणि बाजूला होते. दुसरी पुढची फेरी ओढते, तीही बाजूला होते. तिसरी शेवटची फेरी एकटी पुरी करते आणि घड्याळ तिच्या चाकावर थांबतं.

पहिलीच्या फेरीची वेळ फलकावर क्षणभर दिसते. तोवर ती ट्रॅकच्या वरच्या कडेला गेलेली असते, हात हँडलवर सैल, मान वळवून खाली धावणाऱ्या दोघींकडे बघत.